‘समजते’ म्हणजे कोणाला समजते?

मराठी वर्तमानपत्रांत एक क्रियापद असं आहे, ज्याला कर्ता लागत नाही. ‘समजते’. ‘प्रशिक्षक आणि कर्णधार यांच्यात तीव्र मतभेद झाल्याचे समजते.’ कोणाला समजलं? कोणी सांगितलं? कधी? वाक्य तर पूर्ण झालं, पण यातल्या एकाही प्रश्नाची जबाबदारी त्याने घेतली नाही. या क्रियापदाची भावंडंही पुष्कळ: ‘कळते’, ‘बोलले जाते’, ‘चर्चा रंगली आहे’, आणि जरा इस्त्रीचे कपडे घालून आलेलं ‘विश्वसनीय सूत्रांच्या माहितीनुसार’.

मी काही वर्षं या क्रियापदावर पोट भरलं आहे. नाशिकच्या एका दैनिकात क्रीडा पानावर उपसंपादक होतो, बहुतेक रात्रपाळीला. ते काम कधीच सुटलं, पण रविवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर चार फेऱ्या मारून मिसळीला बसणारा आमचा कंपू अजून मला ‘पेपरवाला’ म्हणूनच हाक मारतो. मध्यंतरी तिथेच, रस्सा दुसऱ्यांदा मागवताना, ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या अण्णांनी विचारलं, “काय हो, या फुटबॉलवाल्यांचं ऐन वर्ल्ड कपच्या तोंडावरच कोचशी कसं वाजतं? आणि बंद खोलीत काय झालं ते दुसऱ्या दिवशी पेपरात कसं येतं?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तिथेच दिलं. दुसऱ्याचं देता देता माझी मिसळ गार झाली, म्हणून ते इथे बसून लिहितो.

पहिलं थोडक्यात. क्लब म्हणजे नोकरी. प्रशिक्षकाला खेळाडू पटला नाही तर क्लब त्याला विकतो; खेळाडूला प्रशिक्षक पटला नाही तर तो दुसरा क्लब बघतो. राष्ट्रीय संघात ही दोन्ही दारं बंद असतात. फ्रान्सचा खेळाडू रागावून जर्मनीकडून खेळायला जाऊ शकत नाही, आणि प्रशिक्षकही त्याच्या जागी ब्राझीलचा माणूस विकत आणू शकत नाही. पगार खेळाडूला क्लब देतो, प्रशिक्षकाला देशाचा महासंघ. वर्षाकाठी दहाएक सामन्यांपुरते सगळे एकत्र येतात, आणि वर्ल्ड कपला मात्र २६ जण महिनाभर एकाच हॉटेलात.

थोडक्यात, राष्ट्रीय संघ म्हणजे लग्नघर. जमलेला प्रत्येक जण आपापल्या घरी कर्ता असतो, इथे मात्र त्याने वाढप्याचं काम करायचं. मानपान निघणारच. रुसलेल्या जावयाला कामावरून काढता येत नाही, फार तर शेवटच्या पंगतीला बसवता येतं. प्रशिक्षकाकडे तेवढं एकच हत्यार असतं: कोणाला खेळवायचं आणि कोणाला बसवायचं. खेळाडूच्या हातात काय राहतं? एक, न येणं. दुसरं, बोलणं. आणि हे बोलणं समोरच्या माणसापर्यंत सर्वांत वेगाने पोचवायचं असेल तर ते त्याच्याशी न बोलता पेपरशी बोलायचं.

इथेच आपली, म्हणजे वाचकांची, गल्लत होते. आपण समजतो की आत भांडण झालं आणि बाहेरून कोणीतरी खिडकीतून डोकावून ते लिहून काढलं. प्रत्यक्षात आतलाच कोणीतरी खिडकी किलकिली करतो, आणि ती कोणत्या बाजूची उघडायची हे तोच ठरवतो. बातमी बरेचदा त्या भांडणातलीच एक खेळी असते.

आता पेपरची बाजू, कारण ती कोणी मांडत नाही. वर्ल्ड कपमध्ये संघाचा सामना चार-पाच दिवसांनी असतो, पान मात्र रोज भरायचं असतं. खर्च करून पाठवलेला वार्ताहर रोज काय बघतो? सराव बघायला मिळतो तो साधारण पहिली १५ मिनिटं, म्हणजे खेळाडू पाय ताणत असतात तेवढा. नंतर त्याला बाहेर काढतात. सामन्याच्या आदल्या दिवशी पत्रकार परिषद, तिथे प्रशिक्षक आणि एखादा खेळाडू येतो आणि ‘आम्ही एका वेळी एकाच सामन्याचा विचार करतो’ असं सांगून जातो. सामना संपल्यावर मिक्स्ड झोन नावाचा प्रकार असतो. ड्रेसिंग रूमपासून बसपर्यंत जाणारी एक वाट, तिच्या कडेने कठडा, कठड्यापलीकडे पत्रकारांची दाटी. ज्याला थांबायचं तो खेळाडू थांबतो, बाकीचे कानाला हेडफोन लावून निघून जातात. एवढ्या सामग्रीवर चार दिवस काढायचे. अशा वेळी रात्री एखाद्या खेळाडूच्या एजंटचा फोन येतो, ‘आमच्या माणसाचं आणि कोचचं वाजलंय, माझं नाव नको.’ दुष्काळात टँकर यावा तसं होतं ते. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, हे तेव्हा कोण विचारतं?

हे सगळं एकाच प्रकरणात बघायचं असेल तर २०१० सालच्या फ्रान्सकडे बघावं. मला ते विशेष आठवतं, कारण त्यात माझाही एक बारीकसा वाटा आहे. तो शेवटी सांगतो.

वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिकेत. फ्रान्सचे प्रशिक्षक रेमों दोमेनेक. त्यांच्याबद्दल देशात आधीपासूनच नाराजी होती, आणि स्पर्धेनंतर लोरां ब्लां येणार हेही जाहीर झालेलं होतं. म्हणजे जाणाऱ्या माणसाच्या हाताखाली संघ खेळत होता. कार्यालयात बदलीची ऑर्डर निघालेल्या साहेबाचं कोण किती ऐकतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. १७ जूनला मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला दोमेनेक यांनी निकोला अनेल्काला त्याच्या मैदानावरच्या जागेवरून सुनावलं. अनेल्काने उलट शिवी दिली. दुसऱ्या अर्धात त्याच्या जागी दुसरा खेळाडू आला आणि फ्रान्स ०-२ असा हरला.

ही घटना ड्रेसिंग रूममधली. तिथे फक्त संघ आणि त्याचा चमू. तरी १९ जूनला ‘लेकिप’ या फ्रान्सच्या बड्या क्रीडा दैनिकाच्या पहिल्या पानावर ती शिवी छापून आली, अवतरणचिन्हांत, मोठ्या टाइपात. ती अवतरणचिन्हं लक्षात ठेवा. अनेल्का उद्धटपणे बोलला, असं लिहिणं वेगळं. त्याने नेमके हेच शब्द उच्चारले, असं छापणं वेगळं. पुढे दोमेनेक यांनी स्वतःच सांगितलं की छापलेलं वाक्य जसंच्या तसं बोललं गेलं नव्हतं. अनेल्काने पेपरवर अब्रुनुकसानीचा दावा लावला, पण २०११ मध्ये तो पॅरिसच्या न्यायालयात हरला. म्हणजे अपमान झाला हे खरं, शब्द मात्र कुठेतरी वाटेत बदलले. तोंडातून कान, कानातून फोन, फोनवरून पान, एवढ्या प्रवासात शब्द तेच राहिले असते तरच नवल.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. पेपर आल्यावर महासंघाने अनेल्काला माफी मागायला सांगितलं, तो तयार झाला नाही, त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं गेलं. भांडण होऊन दोन दिवस झाले होते. या दोन दिवसांत ते संघाच्या आतलं भांडण होतं. पहिल्या पानाने ते राष्ट्रीय इभ्रतीचं केलं, आणि मग महासंघाला काहीतरी करून दाखवणं भाग पडलं. कर्णधार पात्रिस एव्रा पत्रकारांसमोर म्हणाला की खरा प्रश्न अनेल्का हा नव्हे, आपल्यातला जो गद्दार बाहेर बातमी देतो तो आहे. म्हणजे आता संघातले लोक प्रतिस्पर्ध्याऐवजी खबऱ्या शोधू लागले.

२० जूनला नायस्ना गावात खुला सराव होता. प्रेक्षक आलेले, कॅमेरे लागलेले. एव्रा आणि फिटनेस प्रशिक्षक रोबेर दुवेर्न यांची सगळ्यांदेखत जुंपली, दोमेनेक मध्ये पडले, दुवेर्न तणतणत निघून गेले. खेळाडूंनी प्रेक्षकांना सह्या दिल्या, बसमध्ये चढले आणि पडदे ओढून घेतले. सराव नाही. आणि मग कॅमेऱ्यांसमोर येऊन खेळाडूंचं निषेधाचं पत्र कोणी वाचलं? ज्यांच्या सरावावर बहिष्कार होता त्या दोमेनेक यांनीच. त्या पत्रात एक तक्रार अशी होती की महासंघाने आमच्याशी न बोलता, केवळ वर्तमानपत्रात आलेल्या मजकुरावरून निर्णय घेतला. बातमीवरून कारवाई झाली, कारवाईवरून संप झाला, आणि संपाच्या पत्रात पुन्हा बातमीचाच उल्लेख. साप आपलीच शेपटी गिळत होता.

दोन दिवसांनी फ्रान्स यजमान दक्षिण आफ्रिकेकडून १-२ असा हरला आणि तीन सामन्यांत एक गुण घेऊन गटात तळाला राहिला. महासंघाचे अध्यक्ष गेले. ऑगस्टमध्ये शिक्षा झाल्या: अनेल्काला १८ सामन्यांची बंदी, एव्राला ५, रिबेरीला ३, तुलालांला १.

गंमत म्हणजे त्याच २० जूनला, त्याच देशात, इंग्लंडच्या गोटातही बंडाची हवा होती. अल्जीरियाशी गोलशून्य बरोबरी झाली होती. काही महिन्यांपूर्वी कर्णधारपद गेलेला जॉन टेरी पत्रकार परिषदेत आला आणि म्हणाला की आज संध्याकाळी आम्ही प्रशिक्षकांसमोर मनातलं सगळं बोलणार. प्रशिक्षक फाबियो कापेलो दुसऱ्या दिवशी म्हणाले, टेरीने मोठी चूक केली. टेरीने माघार घेतली आणि प्रकरण संपलं. फरक बघा. इथे सूत्रं नव्हती, एजंट नव्हता, माणूस नावानिशी, कॅमेऱ्यासमोर बोलला. त्यामुळे त्याला नावानिशी उत्तर देता आलं आणि नावानिशी माघारही घेता आली. नाव नसलेल्या बातमीला माघार घेता येत नाही, कारण माघार घ्यायला कोणी उभंच नसतं.

अर्थात नावानिशी बोलल्याने भांडण मिटतंच असंही नाही. २००२ च्या वर्ल्ड कपआधी आयर्लंडचा संघ सायपान या प्रशांत महासागरातल्या बेटावर सरावाला गेला होता. मैदान दगडासारखं कडक, सरावाचं सामान वेळेवर पोचलेलं नाही. कर्णधार रॉय कीनचं डोकं फिरलं आणि त्याने ‘आयरिश टाइम्स’ला सविस्तर मुलाखत देऊन सगळ्या ढिसाळपणाचा पंचनामा केला. प्रशिक्षक मिक मॅकार्थी ती मुलाखत घेऊन संघाच्या बैठकीत आले आणि सगळ्यांसमोर त्याला जाब विचारला. कीनने त्यांचा असा काही उद्धार केला की त्याला वर्ल्ड कप न खेळताच परत जावं लागलं. सगळा आयर्लंड दोन तटांत विभागला, पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांना मत होतं. मला यात सर्वांत बोलकी वाटते ती बैठकीत आणलेली मुलाखत. बोलणारा आणि ऐकणारा एकाच हॉटेलात राहत होते, काही खोल्यांच्या अंतरावर. निरोप मात्र डब्लिनला जाऊन, छापून, परत बेटावर आला. आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यांत दोन बिऱ्हाडांचं बोलणं बंद झालं की नळावरच्या तिसऱ्या बाईमार्फत निरोप जायचे. त्यातली गोम अशी की निरोप पोचायचा, पण त्याला तिसऱ्या बाईचं मीठमसाला लागून.

मग नाव नसलेली बातमी वाचायचीच नाही का? तसं नाही. मी एक साधा प्रश्न विचारतो: ही बातमी छापून आल्यामुळे उद्या सकाळी कोणाचं भलं होणार आहे? खेळाडू बाकावर बसलाय आणि बातमीत प्रशिक्षकाच्या डावपेचांवर टीका आहे, तर खिडकी बहुधा एजंटच्या बाजूची. प्रशिक्षकाचा करार संपत आलाय आणि ‘वरिष्ठ खेळाडू नाखूश’ असं येतंय, तर महासंघात कोणीतरी जमीन भुसभुशीत करतंय का बघा. खेळाडू थकलेला, जखमी, स्वार्थी आहे असं येतंय, तर बहुधा प्रशिक्षकाचा चमू. हे अंदाजच असतात, दर वेळी बरोबर येत नाहीत. पण ‘खरं की खोटं’ या प्रश्नापेक्षा ‘कोणाकडून’ हा प्रश्न जास्त उजेड पाडतो.

कारण खरं आणि खोटं यांच्यात बरीच जागा असते. २०२२ मध्ये कतारला पोर्तुगालचे प्रशिक्षक फर्नांदो सांतोस यांनी दक्षिण कोरियाविरुद्ध रोनाल्डोला बाहेर काढलं. बाहेर येताना त्याचा चेहरा आणि ओठ सगळ्या जगाने पाहिले; सांतोस यांनीही ते आपल्याला अजिबात आवडलं नाही असं उघड सांगितलं. पुढच्या सामन्यात स्वित्झर्लंडविरुद्ध रोनाल्डो बाकावर, त्याच्या जागी आलेल्या गोंसालो रामोसची हॅट्ट्रिक, पोर्तुगाल ६-१. मग ‘रेकॉर्ड’ या पोर्तुगीज दैनिकात आलं की रोनाल्डोने संघ सोडून जाण्याची धमकी दिली होती. महासंघाने जाहीर खंडन केलं: अशी धमकी कधीही दिलेली नाही. झालं, आता विश्वास कोणावर ठेवायचा? थोडं थांबलात तर उत्तर मिळतं. पुढच्या सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत सांतोस यांनीच सांगितलं की बाकावर बसवणार हे ऐकून रोनाल्डो खूश नव्हता, त्यांचं बोलणं झालं, पण निघून जातो असं तो म्हणाला नाही. नाराजी खरी, धमकीचा इन्कार. खंडन वाचताना म्हणून एक बघायचं असतं: नेमकं काय नाकारलंय? महासंघाने ‘धमकी’ नाकारली होती. ‘नाराजी’ला त्यांनी हातही लावला नव्हता. खंडन लिहिणारे लोक आपल्या तलाठ्यापेक्षा जास्त काळजीपूर्वक शब्द मोजतात.

शब्दांवरून आठवलं. जून २०२५ मध्ये इंग्लंडचे प्रशिक्षक टोमास टुखेल एका रेडिओ मुलाखतीत संघातल्या ज्यूड बेलिंगहॅमबद्दल बोलत होते. त्याची धग, त्याची भूक यांचं कौतुक करता करता म्हणाले की ती कधी कधी अशा तऱ्हेने बाहेर येते की टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या आईला ते ‘रिपल्सिव्ह’ वाटतं. टुखेल जर्मन; इंग्रजी ही त्यांची दुसरी भाषा. शब्द जड पडला, कौतुक बाजूला राहिलं, आणि ऑगस्टमध्ये त्यांना त्या शब्दाबद्दल माफी मागावी लागली. आता हीच बातमी रात्री साडेदहाला नाशिकच्या डेस्कवर आली असं समजा. याला मराठीत काय लिहाल? ‘खटकतं’? ‘नकोसं वाटतं’? ‘किळसवाणं’? पहिल्या शब्दाने ती चहाबरोबर विसरायची बातमी होते, तिसऱ्या शब्दाने युद्ध. जर्मनीतल्या आईच्या मनातली भावना, मुलाच्या इंग्रजीतून, वृत्तसंस्थेच्या कॉपीतून, झोप आलेल्या उपसंपादकाच्या मराठीत उतरते, आणि तुम्ही-आम्ही सकाळी म्हणतो, “बघा, कोच काय बोलला!”

आम्हा डेस्कवाल्यांची या बाबतीत एक अलिखित उतरंड होती. खात्री काहीच नसेल तर ‘धुसफूस’. कोणीतरी चेहरा पाडून बसलेला दिसला तर ‘नाराजीनाट्य’. आवाज चढल्याचं कोणी ऐकलं असेल तर ‘खडाजंगी’. दोघांनी एकमेकांना उत्तरं दिली तर ‘जुंपली’. आणि सरावाला दांडी मारली तर ‘बंडाचे निशाण’. ‘ड्रेसिंग रूममध्ये सारे आलबेल नाही’ हे वाक्य कधीही चालायचं, कारण सारं आलबेल असलेली ड्रेसिंग रूम जगात कुठे आहे? या शब्दांना बाजू असते, हे मला फार उशिरा लक्षात आलं. ‘बंड’ म्हटलं की सत्ता आपोआप रास्त ठरते आणि उभा राहणारा बेशिस्त.

स्पेनच्या महिला संघाचं प्रकरण यासाठीच नीट वाचण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये १५ खेळाडूंनी महासंघाला ई-मेल पाठवले: सध्याच्या परिस्थितीचा आमच्या मनःस्थितीवर आणि तब्येतीवर परिणाम होतोय, हे सुधारेपर्यंत आम्हाला निवडू नका. महासंघाने ही गोष्ट स्वतःच प्रसिद्धिपत्रक काढून जगजाहीर केली, आणि प्रशिक्षकाला हटवण्याचा दबाव आम्ही सहन करणार नाही, चूक कबूल करून माफी मागा, असा सूर लावला. खेळाडूंनी उत्तर दिलं की आम्ही प्रशिक्षक होर्हे विल्दा यांना काढा असं म्हटलंच नव्हतं, आणि आमचं खासगी पत्र बाहेर का काढलं? पण तोवर ‘बंड’ हा शब्द चिकटला होता. पहिली खिडकी महासंघाने उघडली होती, त्यामुळे पहिलं चित्रही महासंघाचंच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये स्पेनने वर्ल्ड कप जिंकला. त्या १५ पैकी तिघीच त्या चमूत होत्या. विजयानंतर सोळा दिवसांतच विल्दा यांना काढण्यात आलं, आणि वर्षभर नखरेल ठरवल्या गेलेल्या बायकांबद्दल तीच माध्यमं आदराने लिहू लागली. ई-मेलमधला मजकूर तोच होता.

निकालाने भांडणाचा रंग बदलतो तो असा. २०१८ मध्ये क्रोएशियाच्या निकोला कालिनिचने नायजेरियाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरायला पाठदुखीचं कारण देऊन नकार दिला. प्रशिक्षक झ्लात्को दालिच यांनी त्याला घरी पाठवलं. क्रोएशिया अंतिम सामन्यापर्यंत गेला, म्हणून ती दालिच यांच्या शिस्तीची गोष्ट झाली. गटातच बाहेर पडले असते तर तीच गोष्ट ‘हट्टी कोचने स्ट्रायकर घालवला’ अशी वाचली असती आपण.

आता तर मधला पेपरही गळून पडायला लागलाय. जून २०२५ मध्ये पोलंडचे प्रशिक्षक मिखाउ प्रोबिएश यांनी रॉबर्ट लेवांडोव्स्कीला फोन करून कर्णधारपद काढून घेतल्याचं सांगितलं. तो थकव्याचं कारण देऊन त्या वेळच्या शिबिराला आला नव्हता. थोड्याच वेळात ते महासंघाच्या संकेतस्थळावर जाहीरही झालं. लेवांडोव्स्कीने त्याच रात्री स्वतःच्या खात्यावरून लिहिलं की हे प्रशिक्षक असेपर्यंत मी देशाकडून खेळणार नाही. दोन दिवसांनी पोलंड फिनलंडकडून हरला, आणखी दोन दिवसांनी प्रोबिएश यांनी राजीनामा दिला. नवे प्रशिक्षक आले, लेवांडोव्स्की परतला, कर्णधारपदही परत मिळालं. यात ‘समजते’ला कुठे जागाच नव्हती. दोन्ही बाजूंनी आपापला दवंडीवाला ठेवलेला. मिसळीच्या टेबलावर मी हे सांगितलं तेव्हा आमच्यातला सिडकोतला क्लासवाला सर म्हणाला, “मग बरंच आहे की, मधला दलाल गेला.” गेला खरा. पण फोन किती मिनिटांचा होता, आवाज कसा होता, आधी काय बोलणं झालं होतं, हे विचारणारा माणूसही तोच होता. दवंडीला उलट प्रश्न विचारता येत नाही.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. २००५ चा झिम्बाब्वे दौरा आठवा. सौरव गांगुलीने शतक ठोकून पत्रकारांना सांगितलं की सामन्याआधी मला कर्णधारपद सोडायला सुचवलं गेलं होतं. मग प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांनी बोर्डाला लिहिलेला ई-मेल फुटला आणि सगळ्या देशाने वाचला. खिडकी आधी एका बाजूने उघडली, मग दुसऱ्या. २०१७ मध्ये अनिल कुंबळे आणि विराट कोहली यांच्याबद्दल चॅम्पियन्स ट्रॉफीच्या आधीपासून ‘समजते’ सुरू होतं. अंतिम सामना हरल्यावर दोन दिवसांनी कुंबळे यांनी राजीनाम्यात स्वतः लिहिलं की कर्णधाराला माझ्या कामाच्या पद्धतीबद्दल आक्षेप होते. तेव्हा ‘समजते’ बरोबर निघालं. दर वेळी ते खोटंच असतं असं मी म्हटलेलं नाही.

भारतीय फुटबॉलमध्ये मात्र अशा बातम्या कमी दिसतात. २०२४ च्या जूनमध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक इगोर स्टिमाक यांना काढल्यावर त्यांनी महासंघाच्या कारभारावर तोफ डागली, ती गाजली. पण एरवी शांतता. अण्णांना वाटलं आपली पोरं गुणी. मला वाटतं, भांडणं इथेही तेवढीच असतील. कठड्यापलीकडे वही घेऊन उभे राहणारे कमी आहेत.

आता माझा वाटा. २० जून २०१० ची रात्र. मालेगाव-कळवणकडे जाणारी डाक आवृत्ती सुटायला थोडा वेळ होता आणि वृत्तसंस्थेची नायस्नाची कॉपी आली. मी मथळा दिला, ‘फ्रान्सच्या संघात यादवी’. शब्द मला फार आवडला होता. पहिल्या परिच्छेदात जागा उरत होती, म्हणून मी एक वाक्य पदरचं घातलं: ‘खेळाडूंनीच प्रशिक्षकांना पत्र वाचण्यास भाग पाडल्याचे समजते.’ कॉपीत तसं काहीही नव्हतं. ते समजलं होतं फक्त मला, नाशिकमध्ये, पंख्याखाली बसून. पान सोडून सीबीएसला चहा प्यायला गेलो तेव्हा बरोबरच्या वार्ताहराने पाठ थोपटली, “मस्त लागलाय रे मथळा.”

ते कात्रण अजून घरी आहे. मागच्या आठवड्यात काढलं आणि त्या रात्री हातात जे पक्कं होतं तेवढ्यावरच मथळा बसवून पाहिला. ‘फ्रान्सच्या खेळाडूंचा सरावास नकार, निषेधाचे पत्र वाचले प्रशिक्षकांनीच.’ दोन ओळी, तीन कॉलम. अक्षरं मोजली. बसत होतं.